शिकाऱ्याची दुर्बीण, बंदुकीवाचून

दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी एखादा तरी विद्यार्थी स्टाफरूमच्या दाराशी घुटमळतो आणि विचारतो, “सर, दुर्बीण घ्यायची आहे. कोणती घेऊ?” दांडेलीला किंवा भीमगडच्या रानात जायचे ठरलेले असते. शिकवण्या करून साठवलेले दहा-पंधरा हजार रुपये जवळ असतात आणि ते एकदाच खर्च व्हायचे असतात. आजवर या प्रश्नाचे उत्तर मी जिन्यात उभ्या उभ्या देत आलो. यंदा ते बैजवार लिहून काढतो. लिहिणारा पदार्थविज्ञानाचा मास्तर असल्याने मध्येच तास सुरू होईल, त्याला इलाज नाही.

आमचे आजोबा खानापूर तालुक्यातले, त्या काळच्या रिवाजाप्रमाणे शिकारी. त्यांच्याजवळ लष्कराच्या जुन्या मालातून घेतलेली ७×५० ची जडशीळ दुर्बीण होती. दुर्बिणीतून जनावर नीट ओळखल्याशिवाय बंदूक खांद्याला लावायची नाही, हा त्यांचा दंडक. झुडूप हलले म्हणून बार काढला आणि पलीकडे लाकूडफाटा गोळा करणारे माणूस निघाले तर? पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे उरलेसुरले परवानेही गेले. बंदूक गेली ते उत्तमच झाले. दुर्बीण मात्र घरात राहिली, आणि ती कशी पारखायची याचे शिकाऱ्यांचे निकष आजही जसेच्या तसे लागू पडतात. कारण उघड आहे. सांबर, गवा, अस्वल बाहेर पडतात ती पहाटे आणि तिन्हीसांजेला. भर दुपारी कोणतीही दुर्बीण चांगलीच दिसते. खरी परीक्षा सूर्य मावळल्यानंतरच्या अर्ध्या तासात होते.

ही परीक्षा मी स्वतः नापास झालो आहे. १९९८ साली एका दुकानातून मी १०-३०×६० अशी, वर्धन कमीजास्त होणारी, लाल चकचकीत काचांची दुर्बीण मोठ्या हौसेने घेतली. तीसपट म्हणजे काय, पाखराची पापणी मोजू! दांडेलीच्या बाजूला एका पाणवठ्याजवळ संध्याकाळी बसलो होतो. समोर काहीतरी काळे हलले. मला दिसली ती थरथरणारी हिरवट धूसर. शेजारी बसलेल्या माझ्या विद्यार्थ्याने त्याच्या मामाची साधी ८×४० डोळ्यांना लावली आणि हळूच म्हणाला, “सर, अस्वल आहे. पाठीवर पिल्लू आहे.” ते पिल्लू मी अजून पाहिलेले नाही.

असे का झाले? दुर्बिणीवरच्या दोन आकड्यांपैकी पहिला वर्धनाचा आणि दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागा. जो भागाकार येतो तेवढ्या जाडीची प्रकाशाची शलाका दुर्बिणीतून डोळ्यात शिरते. ८×४२ ची शलाका सव्वापाच मिलिमीटर, १०×४२ ची ४.२, आजोबांच्या ७×५० ची सातच्या वर. माझी मात्र तीसपटीवर अवघी दोन! आपल्या डोळ्याची बाहुली उन्हात दोन-तीन मिलिमीटरवर येते, म्हणून दुपारी दुकानात मला काही खटकले नाही. अंधार पडू लागला की तरुण डोळ्यात ती सात मिलिमीटरपर्यंत उघडते आणि मग दोन मिलिमीटरची शलाका म्हणजे तहानलेल्यापुढे चमचाभर पाणी. वय वाढते तशी बाहुली कमी उघडते. साठीच्या पुढे ती पाचवरच अडली तर ७×५० चा जादा प्रकाश बुबुळाच्या कडेवर पडून वाया जातो. तेव्हा वडिलांसाठी घेणाऱ्याने फार मोठ्या भिंगाचे ओझे उगाच गळ्यात अडकवू नये.

हाताचा कंपही वर्धनाच्या पटीत वाढतो. दहापट हातात धरवते, तीही दम लागलेला नसेल तर. त्यापुढे तिपाई हवीच. शिवाय वर्धन वाढले की दिसणारा परिसर आक्रसतो. ८×४२ मध्ये हजार मीटरवरची साधारण १३० मीटरची रुंदी मावते, दहापटीत बहुधा शंभर-सव्वाशेच्या आत. आपल्याकडच्या दाट रानात पाखरू फांदी बदलते तेव्हा ही रुंदीच उपयोगी पडते. माळावर, हिडकलसारख्या जलाशयाच्या काठी दहापट चांगली. चोर्ला, जांबोटीच्या झाडीत आठपट. एकच घ्यायची तर आठ. विदेशात जिथे शिकार कायदेशीर आहे तिथले शिकारीही बहुधा याच दोन मापांवर स्थिरावले आहेत. रात्री मचाणावर बसणारे जर्मन शिकारी ८×५६ पसंत करतात. त्यांचा भागाकार तुम्हीच करून पाहा.

आता काच. दुर्बिणीत प्रकाश दहा-बारा पृष्ठे ओलांडून येतो. लेप नसलेल्या प्रत्येक पृष्ठावर सुमारे चार टक्के प्रकाश परावर्तित होऊन जातो. दहा पृष्ठांचे गणित मांडले तर एक तृतीयांश प्रकाश वाटेतच संपला. यावरचा पातळ लेप झाइसच्या कारखान्यात १९३५ साली स्मकुलाने शोधला. आजच्या चांगल्या बहुपदरी लेपाने पृष्ठागणिक गळती अर्ध्या टक्क्यावर येते, म्हणजे शंभरातले पंचाण्णव भाग डोळ्यापर्यंत पोचतात. पण ‘लेप आहे’ आणि ‘सर्व पृष्ठांवर बहुपदरी लेप आहे’ या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि स्वस्त माल पहिल्या वाक्यावरच विकला जातो. माझ्या दुर्बिणीचा लाल लेप तर तांबडा प्रकाश परत फेकत होता; म्हणून सारे रान हिरवट दिसे.

आत उलटी प्रतिमा सुलटी करणारे लोलक असतात. नागमोडी अंगाच्या जुन्या दुर्बिणीत पोरोचे लोलक, सरळ नळीच्या नव्या दुर्बिणीत छपराच्या आकाराचे. छपरी लोलक घडवणे कष्टाचे आणि त्यांवर आणखी एक कलासुधारक लेप असल्याशिवाय चित्र रेखीव येत नाही. म्हणून पैसे आठ-नऊ हजारांच्या आत असतील तर सरळ पोरोची ८×४० घ्या. पंधरा-वीस हजारांपर्यंत मजल जात असेल तर नायट्रोजन भरलेली, पाणी न शिरणारी छपरी ८×४२ घ्या, पण त्या लेपाची चौकशी करूनच. त्याच्यापुढे किंमत दुपटीने वाढते, दिसणे दुपटीने वाढत नाही.

दुकानात भिडेला बळी पडू नका. दुर्बीण हातभर लांब धरून आभाळाकडे करा. नेत्रभिंगात प्रकाशाची दोन वर्तुळे दिसतील. ती पूर्ण गोल हवीत. कडा कातरून चौकोनी, राखाडी दिसल्या तर लोलकाची काच हलकी. मग रस्त्यापलीकडची पाटी पाहा. माझा अनुभव असा की या कामी कन्नड पाटी सर्वांत उत्तम. मूळ अक्षराखाली लटकणारे बारीक ओत्तक्षर कडेलाही स्वच्छ वाचता आले तर काच चांगली. (कन्नड विभागाच्या संपादकांनी याची नोंद घ्यावी.) मग समोरच्या छपराची आडवी कड पाहत दुर्बीण डोळ्यांपासून सावकाश दूर न्या. डावी आणि उजवी कड वरखाली सरकली तर दोन्ही नळ्या समांतर नाहीत. अशी दुर्बीण फुकट मिळाली तरी नको. अर्ध्या तासात डोके धरते.

चष्मा असेल तर चष्म्यासकट पाहा. नेत्रभिंगापासून किमान पंधरा मिलिमीटरवर पूर्ण चित्र दिसायला हवे, नाहीतर कुलपाच्या भोकातून पाहिल्यासारखे वाटेल. आणि एक गोष्ट, जी निम्म्या लोकांना ठाऊक नसते. उजवा डोळा झाकून मधल्या चक्राने डाव्याला स्पष्ट करा, मग डावा झाकून उजव्या नेत्रभिंगाचे कडे फिरवा. आपला आकडा लक्षात ठेवा; पुढे फक्त मधले चक्र.

बेळगावच्या पावसात दुर्बिणीचा खरा वैरी म्हणजे बुरशी. आजोबांची दुर्बीण कातडी पेटीत, कपाटात तशीच राहिली आणि दोन्ही भिंगांवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी चढली. माझी सध्याची दुर्बीण जून ते सप्टेंबर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत असते. जेलच्या निळ्या कण्या गुलाबी झाल्या की ओल शोषून भरल्या असे समजावे. त्या घरच्या तव्यावर भाजू नका, त्यांत कोबाल्ट असते. आमच्या प्रयोगशाळेच्या ओव्हनमध्ये त्या दोन तासांत पुन्हा निळ्या होतात. ज्यांच्या डब्यातल्या कण्या गुलाबी झाल्या असतील त्यांनी शनिवारी प्रॅक्टिकलनंतर घेऊन यावे.