लाव्याची पिल्लं सापडली तर

ज्वारीच्या रानात किंवा सोलापूरजवळच्या नान्नजकडच्या माळावर लाव्याची पिल्लं एकटी दिसली, तर लगेच खोक्यात भरू नका. अंड्यातून निघाल्यावर काही तासांतच ती चालू लागतात आणि मोठा पक्षी बहुधा जवळच गवतात दबून असतो. लांब थांबून वाट बघा.

पिल्लू खरंच पोरकं, गळून गेलेलं असेल तर आधी ऊब, मग पाणी, मग खाणं. गारठलेल्या पिल्लाला काही पचत नाही. पहिल्या आठवड्यात साधारण ३५ ते ३७ अंश ऊब लागते. आपल्या सोलापुरी मे महिन्यात दुपारी ती फुकट मिळते (उलट सावली बघा!), बाकी पहाटे बल्ब हवाच, पण खोक्याच्या एकाच कोपऱ्यात. पिल्लं एकमेकांवर चढली तर थंडी वाजतेय, चोच उघडी टाकून दूर पळाली तर उकडतंय.

पाणी बाटलीच्या झाकणात, तेही खडे घालून. एवढ्याशा पाण्यातही ती बुडतात. चोचीत पाणी ओतू नका. खाली गुळगुळीत वर्तमानपत्र नको, पाय फाकतात. सुती कापड घाला. दूधभात तर मुळीच नको. रानातल्या पिल्लांना वाळवी, बारीक किडे. पिल्लू फार्मवरच्या पाळीव जपानी लाव्याचं असेल तर बारीक केलेलं स्टार्टर खाद्य.

विष्ठेत रक्त दिसलं तर आजारी पिल्लू वेगळं करून पशुवैद्याकडे न्या. कोंबडीचं औषध अंदाजाने देऊ नका.

रानातला लावा १९७२च्या वन्यजीव कायद्यानुसार घरी पाळता येत नाही. म्हणून वनविभागाला कळवा, हेल्पलाइन १९२६.