माशीच्या पंखांचा हिशेब

कानाशी गुणगुणणाऱ्या माशीला आपण हाकलतो. लंडनचा शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक मात्र तिचा सूर ऐके. सुरावरून पंखांचे फटके मोजता येतात, असे त्याने १६६६ साली सॅम्युएल पीप्सला सांगितले. पीप्सने ते रोजनिशीत टिपले खरे, पण त्याला ते जरा अतिच वाटले!

खरे नवल पुढेच होते. माशीची पाठ मेणाने काडीला चिकटवून पायांखालचा आधार काढला, की ती जागच्या जागी उडू लागते. केंब्रिजच्या प्रिंगल यांनी १९४९ साली उडत्या निळ्या माशीच्या स्नायूंतील विजेचे ठोके नोंदले. पंखांचे फटके सेकंदाला सुमारे १२०. आणि मज्जातंतूंचे हुकूम? अवघे तीन!

मग उरलेले फटके कोणाच्या आज्ञेने? कोणाच्याच नव्हे. माशीच्या छातीच्या पेटीत उभे नि आडवे असे दोन स्नायू असतात. एक आखडला की पेटीचा आकार बदलून दुसरा ताणला जातो, आणि ताण बसताच तो आपण होऊन आखडतो. मज्जातंतू त्यांना नुसते जागे ठेवतात. म्हणूनच माशीचे पंख कातरून आखूड केले, तर ओझे हलके होऊन तिचा सूर उलट चढतो.