मामूंचं व्हायोलिन

माझी मामी मुरबाडला राहते. गेल्या पावसाळ्याआधी ती शहापूरला आमच्याकडे आली, ती चादरीत गुंडाळलेली एक लांबट पेटी घेऊन. आत मामूंचं व्हायोलिन होतं. मामू गावोगावच्या नाटकांना साथ करायचे. ते गेल्यापासून पेटी माळ्यावर पडून होती. "घराचं छप्पर गळतंय. हे विकून दे," मामी म्हणाली.

मामूंनी ते कुठून आणलं, कुणालाच ठाऊक नव्हतं. तारा तुटलेल्या, घोडी पडलेली, एका कडेचा सांधा उकललेला. माझ्या मुलानं आत बॅटरी मारली, तर तळाशी एक पिवळी चिठ्ठी : स्ट्रॅडिव्हेरियस, क्रेमोना, १७२१! त्यानं लगेच मोबाईलवर शोधलं. त्याच सालचं, त्याच कारागिराचं 'लेडी ब्लंट' नावाचं व्हायोलिन २०११ मध्ये सुमारे १ कोटी ५९ लाख डॉलरना विकलं गेलं होतं. ते पैसे जपानच्या भूकंप-त्सुनामीग्रस्तांच्या मदतीला गेले. मामीचे डोळे चमकले. मला मात्र धास्ती वाटली.

आमच्या मुरबाड तालुक्यात म्हशाची जत्रा भरते. तिथं बैल घेताना कुणी शिंगांचा रंग बघत नाही, दात बघतात. व्हायोलिनचंही तसंच आहे. इटलीतल्या क्रेमोना गावचा अंतोनिओ स्ट्रॅडिव्हरी १७३७ मध्ये वारला. पुढे एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या मार्कनॉयकिर्शेन, मिटेनवाल्ड आणि फ्रान्समधल्या मिरकूर या गावांत त्याच्या घाटाची व्हायोलिनं हजारोंनी तयार होऊ लागली. मार्कनॉयकिर्शेनच्या बाजूला तर एका घरात मान कोरायची, दुसऱ्या घरात पाठ, असं काम चाले. चिठ्ठीवर नाव उस्तादाचं छापत. त्याचा अर्थ एवढाच, की घाट त्याचा आहे. पुढे १८८७ मध्ये ब्रिटननं आणि १८९० मध्ये अमेरिकेनं परदेशी मालाविषयी कायदे केले आणि मालावर देशाचं नाव येऊ लागलं. आम्ही भिंग लावून पाहिलं. चिठ्ठीच्या खालच्या कडेला बारीक अक्षरांत 'मेड इन जर्मनी' होतं.

मग दुरुस्तीचा प्रश्न आला. मुलगा गोंदाची बाटली घेऊन बसला होता, त्याला थांबवलं. व्हायोलिनचे सांधे जनावरांच्या कातड्या-हाडांच्या सरसानं जोडतात. आपल्याकडच्या दमट हवेत तो सुटतो, आणि तो सुटतो हेच बरं असतं; नाहीतर लाकूड फाटेल. जाणकार माणूस तो सांधा पुन्हा बसवतो. बाजारातला पक्का गोंद लावला, तर पुढची प्रत्येक दुरुस्ती अवघड होते. वरून पॉलिश मारलं, तर जुनं वार्निश जातं आणि किंमतही उतरते. खरी भीती पाठीच्या चिरेची. आत पोट आणि पाठ यांच्यामध्ये एक छोटी काठी उभी असते. इटालियन लोक तिला 'आनिमा', म्हणजे आत्मा म्हणतात. तिच्याखाली पाठीला चीर गेली असेल, तर मोल फार घसरतं. मामूंच्या व्हायोलिनची पाठ धड होती. तरीही आधी दुरुस्तीचा खर्च विचारून घ्यावा. साध्या वाद्याला तो कधी किमतीहून जास्त होतो; मग आहे तसंच विकणं शहाणपणाचं.

माझे अब्बा तांदळाचा व्यापार करायचे. भिजलेलं पोतं ते सगळ्यांत पुढे मांडायचे, गिऱ्हाइकाला आधी तेच दाखवायचे. मीही तेच केलं. कल्याणचे एक संगीत शिक्षक आले, तेव्हा उकललेला सांधा दाखवला, चिठ्ठीची हकीकत सांगितली, आणलं कुठून ते माहीत नाही, हेही सांगितलं. ते हसले, म्हणाले, "माझ्या विद्यार्थ्यांना चालेल." ठरलेले पैसे लगेच दिले.

त्या पैशांत छपराच्या एकाच बाजूचे पत्रे झाले. मामीनं हिशेब ऐकून घेतला आणि हळूच विचारलं, "म्हणजे तुझ्या मामूंचं वाजवणं खोट्या वाद्यावर होतं का रे?"

म्हटलं, "मामी, रात्र-रात्र लोक बसून ऐकायचे, ते याच वाद्यावर."

ती मान हलवून म्हणाली, "मग रिकामी पेटी तेवढी मला ठेव."