पायरीचा रविवार

सकाळी ७. चहा उकळेपर्यंत अढीतले आंबे चाचपून घेते. देठाजवळ अंगठा किंचित दबला, वास घमघमला, की तो आंबा आजचा. सॉर्बेसाठी मी हापूस घेत नाही, पायरीच घेते. हापूस फोडी करून खावा. त्याचा गर दाट आणि गोडच गोड, गोठला की चव सपाट पडते. पायरीचा रस पातळ, आणि गोडीच्या मागे आंबटाची बारीक धार. गारठलेल्या जिभेला गोड कमी जाणवतं, तेव्हा ही धारच कामी येते. शिवाय पायरी खिशालाही सोसते.

८. निवडलेले आंबे पाण्यात टाकून साखरेकडे वळते. १५० ग्रॅम साखर, १०० ग्रॅम पाणी. साखर विरघळली की गॅस बंद, तारबीर काही नको. हा पाक पूर्ण गार झाल्याशिवाय रसात घालायचा नाही, आंब्याचा वास उष्णतेने उतरतो.

९. आंबे माचवून, देठाकडचा पहिला चीक काढून रस पिळायचा. कोयी आणि साली थोड्या पाण्यात धुऊन घ्यायची आमरसाची सवय इथे आवरती घ्यायची, कारण वाढलेलं पाणी म्हणजे वाढलेला बर्फ. पायरीला धागे असतात, म्हणून रस पुरणाच्या चाळणीतून काढते. ७०० ग्रॅम रस, गार पाक, एका लिंबाचा रस, चिमूटभर मीठ. चाखून बघितलं तर डोळे मिटावेत इतकं गोड लागतं. लागू दे. इथली साखर नुसत्या गोडीसाठी नसते. ती पाण्याला सहजी गोठू देत नाही, म्हणून चमचा आत जातो. आंब्याची स्वतःची साखर धरून मिश्रणात पाव हिश्शाहून थोडी जास्त साखर लागते. डाएटच्या नावाखाली निम्मी केली तर गोळेवाल्याकडचा बर्फ बरा.

१०. दुसरं सॉर्बे अननसाचं. मिक्सरमधून फिरवून गाळला की रस पातळ मिळतो, त्यामुळे इथे जुनी अंड्याची युक्ती चालते. धुतलेलं ताजं अंडं रसात सोडायचं. बुडालं तर साखर वाढवायची, वर येऊन रुपयाच्या नाण्याएवढा भाग उघडा दिसला की प्रमाण जमलं. दाट आमरसात हीच परीक्षा फसवते, तिथे वजनकाटाच बरा. सासूबाई स्वयंपाकघरात डोकावल्या आणि अंडं बघून देवघराकडे वळल्या. नंतर बाहेरूनच विचारलं, "अगं, दूध कधी घालणार?" म्हटलं, "आई, यात दूध नसतंच." न शिजवलेल्या अननसातलं ब्रोमेलेन दुधातली प्रथिनं तोडतं आणि दूध कडवट होतं. सॉर्बेत ती भानगडच नाही.

११ ते १. दोन्ही पातेली फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात. कोमट मिश्रण सरळ फ्रीजरमध्ये टाकलं तर सावकाश गोठतं आणि बर्फाचे कण मोठे होतात. मधल्या वेळात पोळ्या, जेवण, मशीनचे कपडे.

१. पसरट स्टीलच्या डब्यांत ओतून फ्रीजरमध्ये. काचेपेक्षा स्टील लवकर गार होतं.

२. पहिली फेरी. कडेला बोटभर रुंद बर्फ धरलेला, मध्ये अजून रस हलतोय. काट्याने कडा खरवडून मध्ये आणायच्या. पाणी आधी गोठतं आणि साखर उरलेल्या रसात साचत जाते, म्हणून मधला रस चाखला तर सकाळपेक्षाही गोड. तो जितका गोड होतो तितका गोठायला हट्टी.

पावणेतीन, साडेतीन, सव्वाचार. तेच काम. दुपारची झोप गेली ती गेलीच. पॉट आइस्क्रीमच्या भांड्यात हे काम हँडल करतं. बर्फात खडे मीठ घातलं की तो शून्याच्या खाली उतरतो, प्रमाण अचूक असेल तर उणे २१ अंशांपर्यंत. घरच्या फ्रीजरचं नेहमीचं माप उणे १८. म्हणजे थंडीत फार फरक नाही, फरक सतत घुसळण्यात आहे. पण ते हँडल फिरवायला सुट्टीतली चार भावंडं लागतात, आमच्याकडे एक मुलगा आणि त्याच्या हातात मोबाइल.

५. भुसभुशीत झालेलं सगळं मिक्सरच्या भांड्यात, थोडं थोडं, दोन-चार सेकंदांचे झटके देत. सलग फिरवलं तर वितळून परत रस. रंग फिकट पिवळा झाला, कण जिभेला लागेनासे झाले, की थांबायचं. डब्यात दाबून भरून, वर प्लास्टिकचा कागद चिकटवून पुन्हा फ्रीजरमध्ये.

९. जेवण उरकता उरकता डबे बाहेर काढते, दहा मिनिटं ओट्यावर. अननसावर मीठ आणि लाल तिखट भुरभुरवलं, ते मुलाने दोनदा घेतलं. सासूबाईंनी पायरीचं खाल्लं, वाटी पुढे केली आणि म्हणाल्या, "आमरसच आहे की."

साडेदहा. पायरीचा डबा घासायला पडलाय. अननसाचं निम्मं उरलंय, ते चार-पाच दिवसांत संपवायला हवं. फ्रीजर थोडा तापतो, पुन्हा गारठतो, आणि तेवढ्यात कण वाढत जातात. उद्या दुपारी त्यात सोडा ओतीन.