डावीकडची पहिली खुर्ची (विधिमंडळाची ओळख : लेखांक ९)

१९६८ साल. पाथर्डीचा तिशीतला एक तरुण विधानसभेच्या प्रेक्षक गॅलरीत जाऊन बसला. कामकाज रंगात आले तसा तो उठला आणि जवळ बाळगलेली पत्रके त्याने खाली सभागृहात भिरकावून दिली. पत्रकांत पाथर्डी तालुक्याचे प्रश्न होते. अध्यक्षांच्या आसनावर त्या काळात होते बाळासाहेब भारदे, म्हणजे शेजारच्या शेवगावचेच. पण गाववाला आहे म्हणून कुणी गय केली नाही. सभागृहाचा अवमान झाला होता आणि त्या तरुणाला त्याची शिक्षा भोगावी लागली.

त्याचे नाव बबनराव ढाकणे. तेरा वर्षांनी, १९८१ मध्ये, तेच ढाकणे विधानसभेचे विरोधी पक्षनेते झाले. नरिमन पॉइंटचे नवे विधानभवन त्याच वर्षी सुरू झाले होते. ज्या सभागृहाचे लक्ष वेधायला कधी काळी वरून कागद टाकावे लागले, तिथे आता ते नुसते उभे राहिले तरी अध्यक्षांना त्यांच्याकडे पाहावे लागत होते. विरोधी पक्षनेता हे पद नेमके काय आहे, हे समजून घ्यायला मला याहून चांगले उदाहरण ठाऊक नाही.

गेल्या आठवड्यात आपण लक्षवेधी सूचना पाहिली. आज ती मांडणाऱ्यांच्या पुढाऱ्याकडे वळू. त्यासाठी नगर जिल्हा (आता सरकारदप्तरी अहिल्यानगर) निवडण्याला कारण आहे. या एका जिल्ह्याने विधानसभेला तीन विरोधी पक्षनेते दिले: पाथर्डीचे ढाकणे, अकोल्याचे मधुकरराव पिचड आणि शिर्डीचे राधाकृष्ण विखे पाटील. एक ऊसतोडीला घर सोडणाऱ्या दुष्काळी पट्ट्यातला, एक सह्याद्रीच्या कुशीतल्या आदिवासी भागातला, तर एक प्रवरेच्या पाटपाण्याखालच्या साखर कारखानदारीतला. नगरकराला हे तीन मुलूख वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत.

आधी पदाची कुळकथा. राज्यघटनेने राज्याच्या विरोधी पक्षनेत्याचे पद निर्माण केलेले नाही. महाराष्ट्रात त्याला कायद्याचा आधार मिळाला तो १९७८ च्या वेतन आणि भत्त्यांच्या अधिनियमाने. दर्जा कॅबिनेट मंत्र्याचा. हा मान कुणाला, याचे उत्तर कायद्यात थोडक्यात आहे: विरोधी बाकांवरच्या ज्या पक्षाचे संख्याबळ सर्वांत जास्त, त्याचा नेता, मात्र त्याला विधानसभेत अध्यक्षांची आणि परिषदेत सभापतींची मान्यता हवी. एकूण सदस्यांच्या दहा टक्के आमदार असलेच पाहिजेत, ही अट या अधिनियमात नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गॅलरीचा पास काढून आत गेलात तर समोर अध्यक्षांचे आसन दिसेल. त्यांच्या उजव्या हाताला सत्ताधारी, डाव्या हाताला विरोधक. डावीकडच्या पहिल्या रांगेत विरोधी पक्षनेता. तो उभा राहिला की मागचे वीस जण खाली बसतात, हे पाहण्यासारखे असते. अधिवेशनाच्या आदल्या दिवशीच्या चहापानावर बहिष्कार घालून पत्रकार परिषद घेणे, ही त्याची लोकांना माहीत असलेली बाजू. खरे काम त्यानंतर सुरू होते. नियम २९३ खाली कोणत्या विषयावर चर्चा मागायची, स्थगन प्रस्तावाचा आग्रह कुठवर ताणायचा, सभात्याग करायचा की बसून मंत्र्याचे उत्तर पदरात पाडून घ्यायचे, हे त्याला ठरवावे लागते. आणि शेवटी अंतिम आठवडा प्रस्ताव. त्यात तो कायदा-सुव्यवस्थेपासून पीकविम्यापर्यंत सरकारचा सगळा हिशेब मांडतो आणि उत्तराला मुख्यमंत्र्यांना उभे राहावे लागते. बातमीत यातली दोन वाक्ये येतात. पूर्ण भाषण विधिमंडळाच्या छापील कार्यवाहीत राहते, आणि पुढे दहा वर्षांनी कुणाला एखादे आश्वासन उकरून काढायचे असेल तर तेच कामी येते.

सभागृहाबाहेरही त्याची सही चालते. राज्य माहिती आयुक्तांची निवड करणाऱ्या समितीत मुख्यमंत्री, एक मंत्री आणि विधानसभेतला विरोधी पक्षनेता असे तिघे बसतात. राज्य मानवी हक्क आयोगाच्या निवड समितीतही त्याला जागा आहे. माहितीच्या अधिकारासाठी ज्या जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांनी उपोषणे केली, त्या जिल्ह्याला या खुर्चीचे मोल वेगळे सांगायला नको.

ढाकण्यांकडे परत येऊ, कारण त्यांचा काळ मोठ्या उलथापालथीचा होता. सिमेंट प्रकरणात उच्च न्यायालयाचा निकाल आला आणि जानेवारी १९८२ मध्ये बॅरिस्टर अंतुले यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. त्याच महिन्यात मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. ऑगस्टमध्ये मुंबईच्या पोलिसांनीच बंड केले. अशा वेळी राज्याच्या विरोधी बाकांचे पुढारपण ऊसतोड कामगारांच्या लढ्यातून वर आलेल्या माणसाकडे होते. आणि त्याच्या पक्षाचे बळ किती होते? १९८० च्या निवडणुकीत जनता पक्षाला २८८ पैकी १७ जागा मिळाल्या होत्या.

सतरा. दहा टक्क्यांचा हिशेब लावला तर एकोणतीस लागतात. तो हिशेब तेव्हा लावला असता तर पाथर्डीच्या वाट्याला ही खुर्ची आलीच नसती. १९८६ नंतरही तेच घडले. शरद पवारांचा पक्ष काँग्रेसमध्ये विलीन झाल्यावर डावीकडे छोटेच पक्ष उरले. त्यांनी ही जबाबदारी वाटून घेतली: निहाल अहमद, दत्ता पाटील, मृणाल गोरे, पुन्हा दत्ता पाटील. यांपैकी एकाच्याही पक्षाला एकोणतिसाचा आकडा गाठता आलेला नव्हता. तरी मृणालताई उभ्या राहिल्या की सरकार सावध होई, हे त्या काळचे पत्रकार आजही सांगतात.

पिचडांचा काळ वेगळा. १९९५ मध्ये काँग्रेस पहिल्यांदाच खऱ्या अर्थाने विरोधी बाकांवर बसली, ८० आमदारांनिशी. मंत्रालयाची सवय झालेल्या पक्षाला प्रश्न विचारायला शिकवणे सोपे नव्हते, आणि ते काम राजूरच्या या आदिवासी नेत्याकडे आले. चार वर्षांहून अधिक काळ, १९९९ पर्यंत, ते या पदावर राहिले. एन्रॉनचा फेरकरार, ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात झालेला गोळीबार, श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल, हे सगळे याच काळातले. मंत्र्यांच्या भ्रष्टाचारावरून सरकारला सर्वांत जास्त घाम फोडला तो मात्र सभागृहाबाहेर राळेगणच्या अण्णा हजारे यांनी. म्हणजे तेव्हा सभागृहातला विरोधही नगरचा आणि बाहेरचाही नगरचाच.

विखे पाटलांच्या वेळची एक गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. मार्च २०१७ मध्ये कर्जमाफीसाठी अर्थसंकल्पाच्या वेळी गोंधळ झाला आणि विरोधकांचे १९ आमदार निलंबित झाले. विरोधकांनी मग संघर्ष यात्रा काढली. इकडे राहाता तालुक्यातल्या, म्हणजे विरोधी पक्षनेत्याच्याच तालुक्यातल्या, पुणतांब्याच्या शेतकऱ्यांनी ग्रामसभा भरवली आणि १ जूनपासून संपावर जायचे ठरवले. दूध, भाजीपाला शहरांकडे जाईना. त्याच महिन्यात सरकारने ३४ हजार कोटींची कर्जमाफी जाहीर केली. यात विखे पाटलांचा दोष काढायचा नाही. सभागृहात मागणी मांडली गेली होती, ती मांडणारेच बाहेर घालवले गेले, आणि मग मागणी रस्त्यावर आली. डावीकडचे बाक रिकामे केले की गावाला दुधाचे कॅन ओतावे लागतात.

दोन वर्षांनी त्याच विखे पाटलांनी ते पद सोडले. जून २०१९ मध्ये आमदारकीचा राजीनामा दिला आणि १६ जूनला फडणवीस मंत्रिमंडळात शपथ घेतली. २०२३ च्या जुलैत अजित पवार याच खुर्चीवरून उठून उपमुख्यमंत्री झाले. पक्ष बदलण्याचा हक्क राजकारणी माणसाला आहे. पण ज्याच्या भरवशावर लोकांनी सरकारविरुद्धची कागदपत्रे आणून दिली, तोच त्या सरकारात जाऊन बसतो, तेव्हा कागद आणून देणाऱ्याचे काय होते, हे कुणी विचारत नाही. एखाद्या तलाठी कार्यालयातला, जिल्हा परिषदेतला माणूस जोखीम पत्करून झेरॉक्स पाठवतो. त्याला पुढच्या वेळी धीर होत नाही. या पदाला माझ्या मते सर्वांत मोठी इजा होते ती इथे.

आता अलीकडचे. नोव्हेंबर २०२४ च्या निकालात विरोधकांतल्या सर्वांत मोठ्या पक्षाला, उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेला, २० जागा मिळाल्या. काँग्रेसला १६, शरद पवारांच्या राष्ट्रवादीला १०. मार्च २०२५ मध्ये भास्कर जाधव यांचे नाव अध्यक्षांकडे गेले. पावसाळी अधिवेशन संपले तरी निर्णय झाला नव्हता. ऑगस्टमध्ये अंबादास दानवे यांची मुदत संपली आणि परिषदेतली खुर्चीही रिकामी झाली. दिल्लीत २०१५ मध्ये सत्तर जागांच्या विधानसभेत भाजपचे तिघेच निवडून आले होते; तरी विजेंदर गुप्ता यांना तिथल्या अध्यक्षांनी विरोधी पक्षनेता म्हणून मान्यता दिली. सतरांवर ढाकणे चालले, तिघांवर गुप्ता चालले, मग वीस आमदार कमी का पडावेत?

आपल्या जिल्ह्याचे चित्र पाहा. बारापैकी दहा जागा महायुतीकडे गेल्या; संगमनेरला चार दशके आमदार राहिलेले बाळासाहेब थोरातही पडले. विरोधकांकडे श्रीरामपूर आणि कर्जत-जामखेड एवढेच राहिले. जलसंपदा खात्याचा गोदावरी आणि कृष्णा खोऱ्यांचा कारभार विखे पाटलांकडे, आणि परिषदेच्या सभापतिपदी चौंडीचे राम शिंदे. परिषदेतल्या विरोधी पक्षनेत्याला मान्यता द्यायची ती त्यांनीच.

आणि निळवंडे. १९७० मध्ये मंजूर झालेले हे प्रवरेवरचे धरण पिचडांच्या तालुक्यात, त्याच्या कालव्यांची वाट पाहणारी बरीच गावे विखे पाटलांच्या बाजूला. दोघेही सत्तेत राहिले, दोघेही विरोधी पक्षनेते झाले. डाव्या कालव्याचे लोकार्पण व्हायला ऑक्टोबर २०२३ उजाडले. त्या त्रेपन्न वर्षांत या धरणावर सभागृहात झालेले प्रश्न आणि त्यांना मिळालेली उत्तरे छापील कार्यवाहीत ओळीने लागलेली आहेत. अकोले, संगमनेर, राहाता भागातल्या कुठल्या तरी महाविद्यालयाने ती एकदा मुलांकडून उतरवून घ्यावीत, अशी माझी मनापासून विनंती आहे.

(पुढील लेखांक : लोकलेखा समिती)