गाभण घोडीची चंदी

घोडी गाभण राहिली की पहिल्या दिवसापासून तिची चंदी वाढवावी, हा समज पागांतून सर्रास आढळतो. मायेपोटी तो रूढ झाला असला, तरी शरीरव्यापाराला धरून नाही. चयापचय (अन्नापासून ऊर्जा व शरीरद्रव्ये घडविणारी क्रिया) हा ठरीव दराचा व्यवहार नसून अवस्थेनुसार पालटणारी व्यवस्था आहे. सुमारे ११ महिन्यांच्या गर्भकाळात गर्भाची बहुतांश वाढ अखेरच्या तिसऱ्या हिश्श्यात होते. शिवाय गाभण घोडीच्या शरीरात इन्सुलिनरोध (रक्तातील साखर उचलण्यातील मंदता) निर्माण होतो. हा रोग नव्हे. पाटावरच्या वरल्या शेतकऱ्याने आपले बारे अर्धे बुजवून खालच्या शेताला पाणी सोडावे, त्याप्रमाणे आईचे स्नायू साखरेचा उपसा आवरतात आणि ती वारेवाटे गर्भाला पोहोचते. विल्यानंतर मागणी आणखी चढते; दुभत्या काळाच्या आरंभी ऊर्जेची गरज एरवीच्या जवळजवळ दुप्पट होते. म्हणून प्रथम उत्तम वैरण, अखेरीस बेताने वाढती चंदी आणि दुभत्या काळात सढळ खुराक, हा क्रम योग्य होय. मात्र लठ्ठ घोडीलाही एकाएकी उपाशी ठेवू नये; अंगची चरबी भराभर रक्तात उतरून यकृतावर भार पडतो, आणि तट्टांत तर तो जिवावर बेततो.