रेणापूरच्या गच्चीवर व्हिडिओ खगोलनिरीक्षण : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पाऊस सरला, सोयाबीनच्या राशी झाल्या की रेणापूर परिसरात निरभ्र रात्रींचा हंगाम सुरू होतो. दुर्बिणीच्या नेत्रिकेजागी कॅमेरा लावायचा आणि आकाश मोबाइलच्या किंवा लॅपटॉपच्या पडद्यावर पाहायचं, या छंदाला हाच काळ सोयीचा. मात्र काही पक्क्या गैरसमजांपायी नवशिक्यांचे पैसे आणि रात्री दोन्ही वाया जातात.

गैरसमज : हे मोबाइलच्या जमान्यातलं खूळ आहे.

वस्तुस्थिती : २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा महाराष्ट्रावरून गेला. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी नेगमवाला आणि अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल कॅमेरे घेऊन आले होते. त्याच ग्रहणाचं चलच्चित्र जादूगार नेव्हिल मास्केलिन यांनी बिहारमधल्या बक्सरला घेतलं. पण परतीच्या वाटेवर ते रीळच चोरीला गेलं! १९०० साली त्यांनी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात पुन्हा ग्रहण टिपलं. ती फिल्म आजही पाहता येते.

गैरसमज : मोठी, महागडी दुर्बीण हवीच.

वस्तुस्थिती : २०२३ मध्ये आलेल्या ‘सीस्टार एस ५०’ या स्वयंचलित दुर्बिणीचं भिंग अवघं ५० मिलिमीटरचं आहे. ती लक्ष्य स्वतः शोधते, त्याचा माग ठेवते आणि दहा-दहा सेकंदांच्या फ्रेम एकमेकींवर रचत जाते. याला लाईव्ह स्टॅकिंग म्हणतात. शंभर फ्रेम रचल्या की खऱ्या प्रकाशाच्या तुलनेत चित्रातली खरखर दहापट कमी होते. घरात साधी दुर्बीण आणि कॅमेरा असेल, तर हेच काम लॅपटॉपवर ‘शार्पकॅप’ करतं. फक्त दुर्बिणीचा स्टँड ताऱ्यांच्या मागोमाग फिरणारा हवा.

गैरसमज : एकाच यंत्रावर सगळं छान दिसतं.

वस्तुस्थिती : इथे सर्वाधिक निराशा पदरी येते. सीस्टारचं नाभीय अंतर २५० मिलिमीटर असल्याने तिच्या सेन्सरवर गुरू जेमतेम वीस पिक्सेलचा उमटतो. ग्रहांना लांब नाभीय अंतर लागतं आणि रीतही वेगळी. काही मिनिटांत हजारो फ्रेमचा व्हिडिओ घ्यायचा आणि हवा क्षणभर स्थिर असताना मिळालेल्या फ्रेम ‘ऑटोस्टॅकर्ट’कडून निवडून घ्यायच्या. गुरू दहा तासांहून कमी वेळात स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे चित्रण लांबलं तर तपशील पुसट होतात.

या व्हिडिओंचा विज्ञानालाही उपयोग होतो. ३ जून २०१० रोजी गुरूवर काहीतरी आदळून लखलखाट झाला. तो ऑस्ट्रेलियातले अँथनी वेस्ली आणि फिलिपिन्समधले ख्रिस्तोफर गो या दोन हौशी निरीक्षकांनी स्वतंत्रपणे टिपला होता.

गैरसमज : पडद्यावरचे रंग खोटे असतात.

वस्तुस्थिती : अंधुक उजेडात डोळ्यांतल्या दंडपेशी काम करतात आणि त्यांना रंग कळत नाहीत. म्हणून मृग नक्षत्रातला तेजोमेघ नेत्रिकेतून राखाडी दिसतो. तिथल्या हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश कॅमेरा साठवत जातो. सॉफ्टवेअर रंग गडद करतं हे खरं, पण तो मुळात तिथे असतोच.

गैरसमज : गावाकडे अंधार असतो, कुठूनही पाहिलं तरी चालतं.

वस्तुस्थिती : चंद्र आणि ग्रह रस्त्यावरच्या दिव्याखालूनही टिपता येतात, तेजोमेघांचं तसं नाही. रेणापूरच्या दक्षिणेला लातूर शहर आहे, त्याचा उजेड त्या बाजूच्या क्षितिजावर पसरतो. नेमक्या त्याच दिशेला, एप्रिल-मेच्या रात्री, नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी हा भव्य तारकागुच्छ फार तर २४ अंश वर येतो. लंडनच्या निरीक्षकाला तो कधीच दिसत नाही. रेणापूरकरांनी तो सर्वांत उंच असतानाच गाठावा. ध्रुवतारा तर उत्तरेला जेमतेम साडेअठरा अंशांवर, म्हणून स्टँड त्याच्या आधाराने लावायचा असेल तर त्या बाजूला लिंबाचं झाड किंवा शेजारचं दुमजली घर नसावं.

गैरसमज : पडद्यावर पाहतोय, मग सूर्यही बिनधोक.

वस्तुस्थिती : भिंगाने एकवटलेलं ऊन सेन्सर जाळू शकतं आणि कुणी चुकून नेत्रिकेला डोळा लावला तर दृष्टी जाते. सुमारे एक लक्षांश प्रकाशच आत सोडणारा सौर फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर घट्ट बसवावा, नेत्रिकेजवळ नव्हे. त्याला ओरखडा किंवा बारीकसं छिद्र नाही ना, हे दरवेळी तपासावं आणि वर जोडलेल्या छोट्या शोधक दुर्बिणीचं झाकण बंद ठेवावं.